पोटावरचा छेद आणि पाठीवरचं पोतं

माझे मामा सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल होते. हळदीच्या पोत्याखाली त्यांची पंचवीस वर्षं गेली. मोठ्या आतड्यात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी बेंबीच्या वरपासून ओटीपोटापर्यंत पोट उघडलं, गाठीसकट आतड्याचा तुकडा काढला आणि उरलेली दोन टोकं जोडली. ऑपरेशन उत्तम झालं. गाठ आजतागायत परत आलेली नाही. पण वर्षाच्या आत त्या उभ्या छेदाच्या जागी फुगवटा दिसायला लागला. खोकले की मोसंबीएवढा वर यायचा. हर्निया. पट्टा आवळून त्यांनी आणखी दोन महिने पोती उचलली, मग टोळीच्या मुकादमानंच सांगितलं, "आबा, आता बसा. उद्या काय झालं तर आमच्या जिवाला घोर." कॅन्सरमधून मामा सुटले, कामातून मात्र उठले.

त्याच वर्षी आमच्या ओळखीतल्या एका वकिलांचं हेच ऑपरेशन दुर्बिणीनं झालं. पाचव्या दिवशी घरी, महिन्याभरात कोर्टात. चांगलंच झालं, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट सलते. ज्याला खुर्चीत बसून कमवायचंय त्याच्या पोटावर चार बोटांचा छेद, आणि ज्याला पोतं उचलून कमवायचंय त्याच्या पोटावर वीतभर. हे कुणी मुद्दाम ठरवलेलं नाही. पण ते रोज घडतं, आणि आपण त्याला 'ज्याची त्याची ऐपत' म्हणून मोकळे होतो.

आपल्याकडे दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे स्पेशल रूम आणि एसीच्या रांगेतली सोय, असा समज आहे. पैसे असतील तर घ्या, नसतील तर साधं करा. पित्ताच्या खड्यांच्या बाबतीत हा समज बराचसा मागे पडला. मोठ्या आतड्याच्या बाबतीत तो अजून घट्ट आहे. माझं म्हणणं असं की इथं क्रम उलटा हवा. आतड्याचा भाग काढायचा असेल आणि तो दुर्बिणीनं काढणं शक्य असेल, तर त्यावर पहिला हक्क अंगमेहनतीवर जगणाऱ्याचा आहे.

यावर कुणी म्हणेल, छेद लहान काय नि मोठा काय, आत तर तेच करतात. अगदी बरोबर, आणि हे आधी नीट समजून घेतलं पाहिजे. कारण मिरजेत स्टेशनवरून रिक्षात बसलं की दर दहा पावलांवर 'बिनटाक्याचे ऑपरेशन' अशी पाटी दिसते आणि निम्मा घोटाळा तिथंच होतो. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. त्याचा बिघडलेला भाग काढायचा तर पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, अर्ध्या ते सव्वा सेंटिमीटरच्या तीन-चार-पाच छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारं आत घालतात, आतडं भोवतालच्या पडद्यांपासून सोडवतात, त्याला रक्त पुरवणाऱ्या नसा मुळाशी बंद करतात. कॅन्सर असेल तर त्या नसांभोवतीच्या लसिकाग्रंथीही सोबत काढाव्या लागतात. निदान बारा ग्रंथी तपासल्या गेल्या तर रोग किती पसरलाय याचा अंदाज भरवशाचा मानतात. हे सगळं उघड्या पोटाच्या ऑपरेशनातही असंच, तसूभर कमी नाही. आतल्या जोडाला धोकाही तोच. जोड सुटला तर दोन्हीकडे जीवाशी खेळ.

आणि काढलेला तुकडा काही सेंटिमीटरभर छिद्रातून ओढता येत नाही. त्याच्यासाठी चार ते सहा सेंटिमीटरचा छेद घ्यावाच लागतो. तिथं टाके पडतातच. म्हणजे 'बिनटाका' हा शब्द निव्वळ पाटीवरचा.

आता गंमत अशी की हा छोटा छेद कुठं घेतला, यावर बरंच अवलंबून असतं. पोटाच्या मध्यावर उभा घेतला तर हर्नियाची भीती उरतेच. उभ्या मोठ्या छेदानंतर शंभरातल्या दहा ते वीस जणांना हर्निया होतो असं सर्वसाधारण मानतात. मात्र इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीत पुढच्या काही वर्षांत दुर्बिणीवाल्यांना आणि उघड्या पोटाच्यांना जवळपास सारख्याच प्रमाणात हर्निया झाले, हेही खरं. माझ्या बाजूच्या लोकांना हे ऐकायला आवडत नाही. पण तोच तुकडा ओटीपोटावरच्या आडव्या छेदातून, सिझरला घेतात तसल्या, बाहेर काढला तर हर्निया फार क्वचित होतो. तेव्हा हमालानं, ऊसतोड्यानं, डोक्यावरून घागरी वाहणाऱ्या बाईनं डॉक्टरांना 'दुर्बिणीनं करणार का' एवढंच विचारून थांबू नये. "तुकडा कुठून काढणार?" हाही प्रश्न विचारावा. मला तो मामांच्या वेळी सुचला असता तर.

हर्निया बाजूला ठेवला तरी बाकीचा फायदा शिल्लक राहतो. दुखणं कमी, जखम पिकण्याचा धोका कमी, आतडं लवकर चालू होतं, एक-दोन दिवस आधी घरी जाता येतं. एक-दोन दिवसांनी काय होतंय, असं पगारी माणूस म्हणेल. पण दवाखान्यात सोबत बसणाऱ्याचीही मजुरी त्या दिवसांत बुडते. जतहून किंवा आटपाडीहून आलेल्या घरात एक आजारी म्हणजे दोन खाडे.

हे तंत्र नवं आहे, अजून कच्चं आहे, ही सबबही आता चालायची नाही. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ साली दुर्बिणीनं पित्ताशय काढलं. आपल्याकडे मुंबईत डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० साली ते केलं. मोठ्या आतड्याचा भाग दुर्बिणीनं काढल्याचं मायामीतल्या मोझेस जेकब्स यांच्या चमूनं १९९१ मध्ये जाहीर केलं. त्यानंतर मात्र जे झालं ते मला फार शिकवणारं वाटतं. काही रुग्णांना छिद्रांच्या जागीच कॅन्सरच्या गाठी आल्याच्या बातम्या यायला लागल्या. गॅसमुळे पेशी पसरतात की हत्यारांमुळे, यावर वाद झडले. तेव्हा अमेरिकेतल्या आतड्याच्या सर्जनांच्या संघटनेनं स्वतःच्याच सभासदांना सांगितलं, चाचणीबाहेर कॅन्सरसाठी हे करू नका. अन् मग बसून मोजलं. ४८ रुग्णालयं, ८७२ रुग्ण. भाग घेणाऱ्या प्रत्येक सर्जननं आधी निदान वीस अशी ऑपरेशनं केलेली असली पाहिजेत, अशी अट. २००४ साली निकाल आला: तीन वर्षांत रोग परत येण्याचं प्रमाण दुर्बिणीवाल्यांत १६ टक्के, उघड्या पोटाच्या गटात १८ टक्के, म्हणजे फरक नाही म्हणावा इतकाच. जखमेच्या जागी गाठ येण्याचं प्रमाण दोन्हीकडे एक टक्क्याच्या आत. शंका मिटली.

त्याच चाचणीतला एक आकडा पाटीवर कुणीच लिहीत नाही. दुर्बिणीनं सुरू केलेल्या ऑपरेशनांपैकी २१ टक्के मध्येच उघडून पूर्ण करावी लागली. निवडक सर्जन, निवडक रुग्ण, तरी पाचात एक. हात सरावल्यावर हे प्रमाण पुढं खाली आलं, पण शून्य कधीच होत नाही. आमच्याकडे असं झालं की नातेवाईक काउंटरवर जमतात, "दुर्बिणीचं पैसं घेतलं आन् पोट फाडलं." दंगा होतो. दंग्याच्या भीतीनं डॉक्टर एक तर दुर्बिणीच्या वाटेला जात नाहीत, किंवा, ते जास्त वाईट, उघडायला हवं तेव्हा उघडत नाहीत. रक्त दिसेना, नस सापडेना अशा वेळी पोट उघडणारा सर्जन शहाणा असतो. ही गोष्ट सहीच्या कागदावर बारीक अक्षरात दडवण्याऐवजी आदल्या दिवशी घरच्यांना समोर बसवून सांगितली तर निम्मे दंगे टळतील.

पण आमच्या जिल्ह्यातला खरा अडथळा वेगळाच आहे. ऑपरेशन टेबलवर येईपर्यंत बऱ्याच जणांची दुर्बिणीची वेळ टळून गेलेली असते.

शौचातून रक्त पडायला लागतं. माणूस कुणाला सांगत नाही. सांगितलं तर उत्तर ठरलेलं, मूळव्याध. तिखट बंद कर, मुळा खा, अमक्या गावात एक जण दोरा बांधतो. तालुक्याच्या स्टँडबाहेर 'मूळव्याध, भगंदर, फिशर, विना ऑपरेशन, एका दिवसात' असले फलक आहेतच. सहा महिने, आठ महिने मलमात जातात. मामांचेही गेले. त्या आठ महिन्यांत एकाही माणसानं हातमोजा घालून बोटानं तपासलं नाही. त्या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, दोन मिनिटं लागतात. बोट पोचतं त्याच्या वरच्या भागासाठी खालून घालायची दुर्बीण आहे, कोलोनोस्कोपी.

बायकांचं तर आणखी अवघड. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातली गाठ थेंब-थेंब रक्त गाळते, डोळ्यांना काही दिसत नाही. बाई म्हणते, धाप लागते, चालवत नाही. रक्त तपासतात, हिमोग्लोबिन सात. "रक्त कमी आहे, गोळ्या घ्या, गूळ-शेंगदाणे खा." आपल्याकडे बाईच्या अंगात रक्त कमी असणं इतकं नेहमीचं झालंय की ते जातंय कुठं, हे कुणी विचारतच नाही. पाळी थांबून पाच वर्षं झालेल्या बाईला रक्त कमी का पडावं? हा प्रश्न ज्या डॉक्टरला पडतो तो डॉक्टर मला कुठल्याही लेझरवाल्यापेक्षा मोठा वाटतो.

मग एक दिवस पोट फुगतं, गॅस-शौच बंद होतं, उलट्या लागतात आणि रात्री दोनला गाडी करून मिरज गाठतात. आतडं गच्च बंद झालेलं. फुगलेल्या आतड्यानं पोट इतकं भरलेलं असतं की गॅस भरायला जागा नाही, कॅमेऱ्याला दिसायला जागा नाही, आणि ताणलेलं आतडं हत्याराच्या चिमट्यात फाटतं. अशा रुग्णाचं पोट बहुतेक वेळा उघडावंच लागतं, कधी शौचासाठी पोटावर पिशवी लावावी लागते, आणि त्यात सर्जनचा काही दोष नसतो. छेद लहान की मोठा हे त्या रात्री ठरलेलं नसतं. ते आठ महिने आधी, मलमाची पहिली ट्यूब घेतली तेव्हाच ठरलं होतं. वरच्या दुर्बिणीवर हक्क सांगायचा तर आधी खालची दुर्बीण वेळेवर मिळाली पाहिजे.

सरकारच्या कॅन्सर तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे. मोठं आतडं नाही. सगळ्यांनाच कोलोनोस्कोपी करा असं मी म्हणणार नाही. पाश्चात्त्य देशांच्या मानानं आपल्याकडे हा कॅन्सर कमी आहे, आणि धडधाकट माणसांच्या रांगा लावण्याइतकी यंत्रं आणि माणसं आपल्याकडे नाहीत. पण चाळिशी ओलांडलेला, रक्त पडणारा, किंवा कारणाशिवाय रक्त कमी झालेला, किंवा दोन-तीन महिन्यांत शौचाची सवय बदललेला माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रातून महिन्याभरात कोलोनोस्कोपीपर्यंत पोचलाच पाहिजे, एवढी साधी वाट आखायला काय हरकत आहे? शिवाय गाठ दिसली की कॅन्सरच असंही नाही. आतड्याचा क्षय आपल्याकडे नेमका लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथंच बसतो, आणि तो बहुधा गोळ्यांनी बरा होतो. तुकडा तपासायला पाठवला की ते कळतं. म्हणजे काही जणांचं ऑपरेशनच टळतं.

आता हात आणि पैसा.

इंग्लंडमध्ये २००६ साली सरकारी सल्लागार संस्थेनं दुर्बिणीला पर्याय म्हणून मान्यता दिली, तेव्हा लक्षात आलं की ते करू शकणारे सर्जनच पुरेसे नाहीत. मग त्यांनी देशभर प्रशिक्षण काढलं. मुरलेले सर्जन शिकाऊ सर्जनच्या शेजारी उभे राहून ऑपरेशन करवून घेत. आपल्याकडे हे शिकायचं तर बरेचदा डॉक्टरनं स्वतःच्या खर्चानं पुणे-मुंबई गाठायची, दोन दिवसांचं सर्टिफिकेट आणायचं आणि पाटी रंगवायची. मिरजेला असं करायची गरज नाही. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून कोकणातले, बेळगावकडचे, सोलापूरकडचे रुग्ण रेल्वेनं या गावाला येतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे. शिकवायची परंपरा गावाच्या हाडात आहे. तिथल्या शल्यविभागाला महिन्यातून ठरावीक दिवस आतड्याच्या दुर्बिणीचे, शेजारी मुरलेला सर्जन, आणि रात्री वॉर्डच्या कोपऱ्यात सरावासाठी एक डबा एवढं दिलं तरी सुरुवात होते. हा डबा म्हणजे खरंच डबा: आत कॅमेरा, बाहेर पडदा, छिद्रांतून चिमटे, आणि आत गाठी मारायला धागा. तो गावातही बनवता येतो.

त्याऐवजी हल्ली बोलणं सुरू होतं ते रोबोटपासून. यंत्राला माझा विरोध नाही. पण गुदाशयाच्या कॅन्सरवर ४७१ रुग्णांची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत मध्येच पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोटनं म्हणावं तसं घटल्याचं सिद्ध झालं नाही. ज्या जिल्ह्यात साध्या दुर्बिणीचे हात मोजावे लागतात, तिथं आधी कोट्यवधींचं यंत्र म्हणजे विहिरीला पाणी नसताना ठिबकची नळी अंथरणं.

आणि काही सुधारणा तर फुकटात आहेत. डेन्मार्कचे हेन्रिक केहलेट नव्वदच्या दशकापासून सांगत आले की रुग्णाला उगाच उपाशी ठेवू नका, लवकर पाजा, लवकर चालवा, दुखणं अफूजन्य इंजेक्शनांवर न सोडता इतर मार्गांनी कमी करा. नेदरलँड्समध्ये ४०० रुग्णांवर तपासलं तर दुर्बीण आणि ही पद्धत मिळून दवाखान्यातला मुक्काम पाच दिवस, जुन्या पद्धतीत उघड्या पोटानं सात. आमच्या वॉर्डात अजून 'गॅस सुटल्याशिवाय घोटभर पाणी नाही' हाच कायदा. तो मोडायला बजेट लागत नाही, सिस्टर आणि रेसिडेंट एका मताचे लागतात.

पैशाचा मुद्दा मी टाळत नाही. दुर्बिणीला वेळ जास्त लागतो, आतडं कापायचे-जोडायचे स्टेपलर महाग असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं छत्र आहे, पण छत्र असणं वेगळं आणि स्टेपलरची चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात न पडणं वेगळं. मामांच्या वेळी ती आमच्या हातात पडली होती, पोट उघडून ऑपरेशन करायचं असूनही. योजनेचा हिशेब ऑपरेशनच्या बिलापाशी थांबतो. पुढच्या वर्षी झालेला हर्निया, तो बुजवायला आत बसवायची जाळी, त्याचं दुसरं ऑपरेशन ही वेगळी फाइल होते, आणि बुडालेल्या मजुरीची तर फाइलच नसते. महाराष्ट्रानं १९६९ साली माथाडी-हमालांसाठी कायदा केला. ओझं वाहणारं शरीर हीच या माणसाची पुंजी, हे ज्या राज्याला तेव्हा कळलं, त्याच्या आरोग्य योजनेला त्या पुंजीला चीर कुठून आणि केवढी पडते हे विचारता येऊ नये?

म्हणून माझी मागणी पाटीबद्दलच आहे. योजनेतून आतड्याचं ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयानं दारात आकडे लावावेत. गेल्या वर्षी किती केली. ठरवून किती, तातडीची किती. दुर्बिणीनं सुरू किती, त्यातली उघडावी लागली किती. जोड किती सुटले, महिन्याच्या आत किती गेले. ठरवून केलेली आणि तातडीची वेगवेगळी लिहायला हवीत, नाहीतर रात्री दोनचा रुग्ण घेणारा भला डॉक्टर आकड्यांत बदनाम होईल आणि नको असलेला रुग्ण पुढं ढकलणारा साव ठरेल. एक परिणाम मला आत्ताच दिसतो: वर्षाकाठी दोन-तीनच आतडी करणाऱ्या नर्सिंग होमना ते काम सोडावं लागेल. सोडू देत. या ऑपरेशनला सरावाचा हात लागतो, आणि सांगली-मिरजेत ते दोन-चार ठिकाणी एकवटलं तर रुग्णाला फार तर दोन एसट्या बदलाव्या लागतील.

गेल्या दिवाळीनंतर वहिनींवर हीच वेळ आली. तासगावला बेदाण्याच्या शेडवर काम करतात. हिमोग्लोबिन कमी निघालं, पण या वेळी आम्ही गोळ्यांवर थांबलो नाही. कोलोनोस्कोपीत उजव्या बाजूला गाठ. एका रुग्णालयात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं तीन पॅकेजं असलेला रंगीत कागद दिला. मी विचारलं, "सर वर्षाला अशी किती करतात?" ती म्हणाली, "सर खूप फेमस आहेत." दुसरीकडे गेलो. तिथले डॉक्टर प्रश्न ऐकून क्षणभर थांबले, मग ड्रॉवरमधून लांब वही काढली, चष्मा लावला आणि पानं उलटत बोटानं मोजायला लागले. उघडावी लागलेल्यांपुढं लाल खूण होती. एका नावाशी थांबून म्हणाले, "याचा जोड सुटला होता. वाचला, पण दीड महिना काढला इथं." मग वही मिटून वहिनींकडे वळले आणि विचारलं, "शेडवर वजन किती उचलता?"